ऊसतोडीच्या फडावर लेकीचा सामना

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे. तिचं मूळ गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं कळंबअंबा. आमच्या मांजरसुंब्याच्या चौकातून अंबाजोगाईचा रस्ता धरला की केज लागतं. तो सामना टीव्हीवर दिसत होता, मोबाईलवरही दिसत होता. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. ती शेवटची सरळ धाव ज्यांनी थेट पाहिली, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या बातमीची गरजच उरली नाही.

पण विश्वचषक आणि राष्ट्रकुल स्पर्धा या शेवटच्या पायऱ्या. आमच्याकडची बहुतेक मुलं-मुली ज्या पायरीवर खेळतात ती महाविद्यालयाची. आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव, आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. यातली खेलो इंडिया दूरदर्शनवर आणि यूट्यूबवर बघायला मिळते. खालचे बहुतेक सामने मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्यांनाच दिसतात, आणि त्या कडेला खेळाडूंचे आई-बाप क्वचितच असतात.

ते का नसतात, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, बारामती, खाली कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, पहाटे फडात उतरायचं, गाडी भरायला रात्री-अपरात्री कधीही उठायचं. महाविद्यालयीन खेळांचा हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेली मुलगी विद्यापीठाच्या संघात निवडली जाते, तेव्हा तिची आई तीनशे-चारशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असते. लेक खेळते एवढं तिला माहीत असतं. कशी खेळते, हे तिने पाहिलेलं नसतं. आणि न पाहिलेल्या खेळासाठी लग्न दोन वर्षं पुढे ढकला असं घरच्यांना पटवणं किती अवघड आहे, ते मुलींना शिकवणाऱ्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन खो-खो आणि कबड्डीचे निदान उपांत्य आणि अंतिम सामने यजमान महाविद्यालयाने मोबाईलवर थेट दाखवावेत, आणि चित्रफीत कायम ठेवावी.

असं दाखवणं दुसरीकडे रुजलेलं आहे. अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा १९४८ पासून चालू आहे. आज तिथले बहुतेक सामने इंटरनेटवर दिसतात. खेळाडूंमध्ये कॅनडाचे आणि युरोपातलेही पुष्कळ असतात. युरोपातले आई-बाप समुद्रापलीकडे रात्र जागवून पोराचा सामना बघतात. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की अनेक ठिकाणी कॅमेरा धरणारे आणि समालोचन करणारे त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी असतात. खेळणारा शिकतो, दाखवणाराही शिकतो. मात्र तिथे बऱ्याच सामन्यांसाठी वर्गणी भरावी लागते. आपल्याकडे हे फुकटच असायला हवं.

मैदानावरच्या हॉकीपेक्षा आपलं काम सोपंही आहे. आपल्या हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. त्यावरचा लहानसा चेंडू एका मोबाईलच्या चौकटीत हरवतो. उंच मनोरा हवा, चेंडूमागे फिरणारा सरावलेला हात हवा. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, एका स्थिर कॅमेऱ्यात सगळं मावतं. अट एकच, कॅमेरा उंचावर हवा. जमिनीवरून, बाजूने धरला तर पाटीवर बसलेल्या आठ जणींच्या रांगेमागे पळणारी झाकली जाते आणि नेमकी हुलकावणी दिसत नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्याची गॅलरी या कामाला उत्तम. नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या धरल्या तर सामना तासाभरात आटोपतो. मध्यम दर्जाच्या चित्राला तेवढ्या वेळात साधारण अर्धा जीबी डेटा लागतो. रोजच्या रिचार्जमध्ये तो बसतो.

काही विद्यापीठं यजमानपद असताना थेट प्रक्षेपण करतात, हे खरं आहे. पण त्यातलं पुष्कळसं बघवत नाही. पडद्यावर फक्त 'दिवस तिसरा' असं लिहिलेलं. संघ कोणते, गुण किती, पाठीवर सात नंबर असलेली ती मुलगी कोण, काहीच कळत नाही. वर मोठ्या आवाजात लावलेली गाणी, त्यात पंचाची शिट्टीही बुडते आणि 'खो' सुद्धा. माणसाला आपलं माणूस शोधता आलं नाही तर तो दोन मिनिटांत पुढे सरकतो. मराठीच्या वर्गातला एखादा बोलका विद्यार्थी माईकवर बसवा. त्याने नाव घ्यावं, गाव घ्यावं, किती वेळ संरक्षण केलं आणि किती गडी बाद केले ते सांगावं. गावाचं नाव तर घेतलंच पाहिजे. टोळीतली दहा माणसं भोवती जमतात ती त्या नावाने.

चित्रफितीचा दुसरा उपयोग याहून रोखठोक आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी बनवलेल्या खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं मराठवाड्यात गाजून गेली आहेत. त्याची झळ खरं खेळलेल्या मुलांना बसते, कारण पडताळणीच्या टेबलावर त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं जातं. तारीख, संघ आणि खेळाडूंची नावं असलेली सामन्याची चित्रफीत हा त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा ठरू शकतो. बारा तासांच्या आतलं थेट प्रक्षेपण यूट्यूब आपोआप साठवून ठेवतं. ते पुसू नये, एवढंच महाविद्यालयाने पाहायचं.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मुलींच्या सामन्याखाली वाटेल ते लिहिणारे असतात, तेव्हा प्रतिक्रियांची सोय बंद ठेवा आणि सामना दाखवणार आहोत हे खेळाडूंना आधी सांगा. जिची हरकत असेल तिचं म्हणणं ऐका.

सामने सकाळी दहाला सुरू होतात. त्या वेळी आई फडात असते, फोन कोपीत. थेट नाही, ती रात्रीच बघणार, भाकरी झाल्यावर. तेव्हा चित्रफितीखाली कोणती खेळाडू कितव्या मिनिटाला मैदानात उतरली ते लिहा. शारीरिक शिक्षण संचालकांकडे गुणपत्रक असतंच, त्यावरून ते अर्ध्या तासात होतं. आणि यंदा स्पर्धेचं वेळापत्रक काढताना त्याच कागदावर लिंक छापा, म्हणजे टोळ्या निघण्याआधीच ती घरच्यांच्या फोनवर जाईल.