हे खोकं खुळखुळू देऊ नका

देवगडहून आलेली हापूसची पेटी उघडली की आधी हाताला पेंढा लागतो. आंबा चार दिवसांचा पाहुणा, तरी त्याच्या खाली पेंढा, वर पेंढा, मधल्या फटींतही पेंढा. पेणची गणेशमूर्ती परदेशी निघते तेव्हा कारखानदाराला नेमकं ठाऊक असतं की मोडली तर सोंड मोडेल नाहीतर वर उचललेला हात, म्हणून तो त्या जागांची काळजी आधी घेतो. नाजूक वस्तू लांब धाडायची अक्कल आपल्याकडे कमी नाही. मग चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर पाठवतानाच ती कुठं जाते? त्याच्या वाट्याला रविवारच्या दोन पुरवण्या, किराणा दुकानातून मागून आणलेलं खोकं, वीस फूट ब्राऊन टेप आणि लाल स्केचपेननं लिहिलेलं ‘नाजूक, सांभाळून’.

मी जुने कॉम्प्युटर जमवतो आणि जमेल तसे चालू करतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या यंत्रांपैकी जी कायमची गेली, ती गंजानं किंवा उंदरांनी नेली नाहीत. माळ्यावर, गच्चीखालच्या उकाड्यात, कोकणातल्या पावसाळ्यातही ती तग धरून राहिली. ती गेली शेवटच्या दोन दिवसांत, रस्त्यात. त्यांना मारलं त्यांच्यावर माया असलेल्या माणसांनीच, भंगारवाल्यानं नव्हे. म्हणून हे आवाहन त्या मायेच्या माणसांना आहे.

सांगलीच्या एका काकांचं उदाहरण सांगतो. त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. १९९० च्या आसपास त्यांनी देशी बनावटीचा एक ‘एक्सटी’ कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यात जिस्ट कार्ड बसवून घेतलं. आजच्या मुलांना हे कार्ड म्हणजे काय ते सांगावं लागेल. डॉसच्या काळ्या पडद्याला फक्त रोमन अक्षरं यायची. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्र कार्डाच्या रूपानं मशीनमध्ये खोचलं, की त्याच पडद्यावर देवनागरी उमटायची. ग्रामपंचायतीचे दाखले, साखर कारखान्याच्या नोटिसा, लग्नपत्रिकांचे मसुदे काकांनी त्या मशीनवर काढले. दुकान बंद झालं, मशीन घरी आलं आणि काकांनी ते मला द्यायचं ठरवलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “तुमच्याकडं ते चालेल तरी.”

कुरिअरवाल्यानं खोकं दारात टेकवलं आणि मी ते जरा कलतं केलं. आतून खुळखुळ आवाज आला, लहान मुलाच्या खेळण्यासारखा. जुन्या यंत्रांच्या नादी लागलेल्या माणसाला त्या आवाजानं पोटात गोळा येतो.

मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबची मान मोडली होती. ट्यूबची पुढची काच जाड आणि जड, तर मागची मान बोटाएवढ्या काचेच्या नळीची. मान मोडली की आत हवा शिरते आणि नळीच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा होतो. तो पांढरा डाग दिसला की दुरुस्तीचा विषयच संपतो, कारण तसली छोटी एकरंगी ट्यूब आता बाजारात नवी मिळत नाही. सीपीयूच्या पेटीत जिस्ट कार्ड खाचेतून निसटून मदरबोर्डवर वाटभर सरपटत आलं होतं. त्याच्या कडेनं बोर्डावरचे तांब्याचे बारीक रस्ते खरवडले गेले होते. शाबूत होता तो फक्त कीबोर्ड. काका बाकी सगळं बांधत असताना कीबोर्ड काकूंनी हाती घेतला होता आणि घरच्या जुन्या गोधडीत चार घड्या घालून गुंडाळला होता. त्याची एक कळही हलली नव्हती.

ही गोधडी मला बरंच शिकवून गेली. तिच्यामागचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. खोकं टेबलावरून, म्हणजे साधारण ७५ सेंटीमीटरवरून पडलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. इथवर सगळ्यांचं सारखंच असतं. फरक पडतो तो थांबायला किती जागा मिळाली यानं. आतलं यंत्र ३ मिलिमीटरमध्ये थांबलं तर त्याच्या प्रत्येक भागाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५० पट धक्का बसतो. मऊ गादीत दबत दबत ३ सेंटीमीटरमध्ये थांबलं तर २५ पट. अर्ध्या किलोचा ट्रान्सफॉर्मर पहिल्या पडण्यात क्षणभर सव्वाशे किलोच्या माणसासारखा आपल्या चार स्क्रूंना ओढतो, दुसऱ्यात साडेबारा किलोच्या पोरासारखा. वर्तमानपत्राचा बोळा एकदा दबला की फुगत नाही, म्हणून दुसऱ्या आपटण्याला तो उपयोगी नसतो. आणि दुसरं, तिसरं, सातवं आपटणं होतंच. पॅकिंग तपासण्याच्या चाचण्या ठरवणारी इस्टा नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या अगदी प्राथमिक पद्धतीत खोकं १० वेळा पाडतात : एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर. साडेनऊ किलोपर्यंतचं खोकं असेल तर ७६ सेंटीमीटरवरून. पडणं हा अपघात नसून प्रवासाचाच भाग आहे, असं त्या धंद्यातले लोक धरून चालतात. आपण मात्र स्टिकरवर भिस्त ठेवतो. रात्री दोन वाजता ट्रक भरणारा हमाल तो वाचत बसणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

त्यात हे प्लॅस्टिक म्हातारं. १९८० च्या दशकातला पांढरट बेज रंग उन्हानं आणि वयानं पिवळा पडतो, तसं प्लॅस्टिक आतून ठिसूळही होतं. नव्वदीच्या दशकातल्या काही मॅकिन्टॉशची तर ख्यातीच अशी, की कव्हर नुसतं उघडताना बिस्किटासारखे तुकडे हातात येतात. असं यंत्र नव्या मिक्सरसारखं बांधून कसं चालेल?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, डबडं गेलं तर गेलं. परदेशातल्या यंत्रांची निदान संग्रहालयं आहेत, ग्रंथ आहेत, लिलाव आहेत. ॲपल-१ चे जेमतेम २०० नग बनले, तरी उरलेल्या बहुतेक नगांची नोंद लोकांनी ठेवली आहे. आपल्याकडच्या यंत्रांची नोंद कुणी ठेवली? १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेखाली देशभरातल्या २५० शाळांत बीबीसी मायक्रो आले, पुढं त्यांचाच देशी भाऊ युनिकॉर्न चंदीगडजवळच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये तयार झाला. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन सिंक्लेअर स्पेक्ट्रमचा ‘डीबी स्पेक्ट्रम’ काढला. एचसीएल, डीसीएम, विप्रो, झेनिथ, ईसीआयएल यांची मशीनं बँकांत, कारखान्यांत, विद्यापीठांत होती. यांतली बहुतेक भंगारात वितळली. उरलेली कुणाच्या तरी माळ्यावर आहेत आणि आता घरं बदलताना, पुनर्विकासात सोसायट्या पाडताना खाली येताहेत. म्हणजे त्यांचा धोक्याचा प्रवास याच काही वर्षांत व्हायचा आहे.

म्हणून विनंती. पाठवणार असाल तर आधी यंत्र उघडा, किंवा उघडता येणाऱ्या कुणाला तरी बोलवा. आतली कार्डं काढून प्रत्येक वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. स्क्रू हरवायची भीती वाटते ना, मग काडेपेटीत ठेवून तिच्यावर नाव लिहा. हार्ड डिस्क असेल आणि मशीन चालू होत असेल, तर बंद करण्याआधी ‘पार्क’चा प्रोग्रॅम चालवा. १९८३ च्या एक्सटीतल्या १० मेगाबाइटच्या डिस्कसारख्या जुन्या डिस्कचं डोकं आपोआप बाजूला होत नाही, धक्क्यानं ते थेट माहितीवर आदळतं. फ्लॉपी ड्राइव्हच्या तोंडात पुठ्ठ्याचा फ्लॉपीएवढा तुकडा सरकवून खिट्टी लावा. कंपन्या कारखान्यातून माल पाठवताना हेच करत. असा मूळ पुठ्ठा घरात सापडला तर फेकू नका, तोही जपायची वस्तू आहे.

मॉनिटर शक्यतो पाठवूच नका. हे मी जोर देऊन सांगतो. पाठवावाच लागला तर त्याचं स्वतंत्र खोकं करा आणि जड काच खाली, जाड फोमवर पालथी ठेवा, म्हणजे मानेवर भार येणार नाही. सीपीयू आणि मॉनिटर एकाच खोक्यात घालणं म्हणजे बैल आणि काचेचं कपाट एका टेम्पोत बांधणं.

खोकं पाच प्लायचं घ्या, जड यंत्राला सात प्लायचं. हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळालं तर फ्रिज-टीव्हीवाल्याला विचारा. यंत्राभोवती बबल रॅप, मग ते एका खोक्यात घट्ट, मग ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि दोहोंच्या मध्ये सगळ्या बाजूंनी किमान ५ सेंटीमीटर फोम. सगळ्या बाजूंनी म्हणजे खालीसुद्धा. खालची बाजू लोक हमखास विसरतात. शेंगदाण्यासारखे थर्माकोलचे सुटे तुकडे भरू नका. जड वस्तू त्यांतून वाट काढत तळाला जाऊन बसते, डाळीत बुडलेल्या खड्यासारखी. शेवटी खोकं उचला, कलतं करा, कान लावा. आत काहीही हललं तर पुन्हा उघडा, मग कुरिअरवाला दारात उभा असला तरी चालेल.

घेणाऱ्यांनो, तुमचंही काम आहे. दोनशे रुपये वाचवायला “कसंही पाठवा, चालेल” म्हणू नका. पॅकिंगचा खर्च स्वतःहून द्या, व्हिडिओ कॉलवर समोर बसून बांधून घ्या. समोरचा माणूस सत्तरीचा असेल, तर त्याच्या गावातला ओळखीचा पोरगा शोधा आणि त्याला पाठवा. जाता येत असेल तर स्वतः जा. एसटीत, रेल्वेत मांडीवर घेतलेलं यंत्र मोडल्याचं मला आठवत नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात गेलेल्या मराठी मंडळींनो, तुमच्या तळघरात कमोडोर ६४ पडून असेल. इकडे येताना ते हातातल्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून आणा. दोन किलोच्या आतबाहेरची वस्तू आहे, चिवड्याच्या पिशव्यांइतकीच. इकडे आलं की घाईनं प्लगला लावू नका, तिकडचा वीजदाब निम्मा असतो.

आणि कुठूनही आलेलं यंत्र आधी उघडून पाहा. सुटलेली कार्डं, तडकलेले कपॅसिटर, कुठं अडकलेला स्क्रू. चाळीस वर्षं थांबलंय ते, अजून एक संध्याकाळ थांबेल.

सांगलीच्या काकांना मी मोडतोडीचं सगळं सांगितलं नाही. जिस्ट कार्ड मात्र दुसऱ्या एका एक्सटीत बसवलं आहे. त्याची दोन पाय मोडलेली चिप एका मित्रानं भिंग लावून पुन्हा जोडून दिली. काकांकडे अजून त्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, तोही पाठवतो म्हणत होते. मी नको म्हटलं. पुढच्या शनिवारी मीच जाणार आहे, दोरी घेऊन, कारण प्रिंटरचं डोकं बांधून ठेवावं लागतं. काकूंची गोधडीही परत द्यायची आहे; त्या म्हणाल्या, प्रिंटर तिच्यातच बांधून न्या.