अभ्यासक्रमांची यादी आहे, कामाची खबर नाही

जून महिना आला की आपल्या धर्मग्रामांत दोन कार्यक्रम ठरलेले असतात. एक गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि दुसरा व्यवसाय मार्गदर्शन शिबिर. मुंबईहून तज्ज्ञ पाहुणे येतात, पडद्यावर अभ्यासक्रमांची रंगीत यादी झळकते, आभारप्रदर्शन होते आणि चहापानानंतर मंडळी पांगतात. गेल्या वर्षी अशाच एका शिबिरास आम्ही उपस्थित होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक माता उठून म्हणाली, ''फादर, कोर्स पुष्कळ सांगितलेत. माझी मुलगी बी.कॉम. झाली आहे. वसईपासून बोरिवलीपर्यंत तिला नेमकं कोण कामाला ठेवतं, काय काम देतं आणि पगार किती देतं, तेवढं कुणीतरी सांगा.''

व्यासपीठावर शांतता पसरली. वक्ते विद्वान होते, त्यांनी आत्मविश्वासाविषयी चार चांगली वाक्ये सांगितली. परंतु प्रश्न अनुत्तरितच राहिला. खरे सांगायचे तर तो आम्हालाही सुटला नसता.

गंमत अशी की उत्तर त्याच सभागृहात, शेवटच्या रांगेत बसले होते. चहाच्या वेळी एक गृहस्थ आमच्याजवळ आले. वसई पूर्वेला वालीवमध्ये त्यांचा गाळा आहे. मालाची आवक-जावक, बिले आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळणारी व्यक्ती ते सहा महिने शोधत होते. ''मग आत का बोलला नाहीत?'' आम्ही विचारले. ''मला कुणी विचारलंच नाही,'' ते म्हणाले.

प्रश्न केवळ आपल्या धर्मग्रामांपुरता नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते अवघे ३.४ टक्के होते. शिक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम पत्करतो. पदवीधर थांबतो, कारण पदवीला साजेसे काम कोठेतरी असेल अशी त्याची खात्री असते. ते कोठे आहे, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

पूर्वी हे कसे कळत असे? आपल्या मागच्या पिढीपुढे एक मळलेली वाट होती. टायपिंग आणि लघुलेखन शिकायचे, चर्चगेटची गाडी धरायची आणि बँकेत, विमा कंपनीत किंवा एखाद्या खाजगी कचेरीत लागायचे. कोणत्या कचेरीत जागा निघणार आहे, परीक्षेत काय विचारतात, साहेब कसा आहे, ही सारी खबर गावातला कुणीतरी मामा किंवा काका आणीत असे. आज ज्याला श्रमबाजाराची माहिती असे भारदस्त नाव दिले जाते, ती त्या काळी विरार लोकलच्या डब्यात फुकट मिळत असे. संगणक आले, टंकलेखकाची खुर्ची गेली, बँकांची भरती देशव्यापी स्पर्धा परीक्षांतून होऊ लागली आणि काकांची खबर जुनी झाली. तिच्या जागी नवी खबर आणणारा कोणी उभा राहिला नाही.

सरकारने प्रयत्न केले नाहीत, असे नाही. सेवायोजन कार्यालयांविषयीच्या १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा कळविणे बंधनकारक केले होते. परंतु तेथूनच माणूस घेण्याचे बंधन नव्हते, त्यामुळे कळविणे हा कागदी उपचार ठरला आणि कार्यालयात नाव नोंदवलेली मुले कार्ड सांभाळीत वय ओलांडून गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली असून सेवायोजन कार्यालयांऐवजी 'करिअर सेंटर' ही संज्ञा आणली आहे. भरती तेथूनच करण्याची सक्ती याही कायद्यात नाही. नाव बदलल्याने काय साधते ते दिसेलच.

याहून बोलका अनुभव पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या या योजनेच्या पहिल्या फेरीत बड्या कंपन्यांनी सुमारे १ लाख २७ हजार संधी देऊ केल्या. उमेदवारांना ८२ हजारांवर प्रस्ताव गेले, सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते जेमतेम ८ हजार ७००. कामाचे ठिकाण लांब, कामाचे स्वरूप मनाजोगे नाही, बारा महिन्यांचा कालावधी मोठा, ही कारणे पुढे आली. परगावी खोली घेऊन राहायचे आणि हाती महिना पाच हजार रुपये यायचे, हा हिशेब कोणत्याही आईने क्षणात केला असता. कंपन्या होत्या, उमेदवार होते, संगणकावर दोघांची गाठही घातली गेली. परंतु दोघांनाही ओळखणारा माणूस मध्ये नव्हता.

हा माणूस महाविद्यालयात असावा, अशी अपेक्षा आहे. बहुतेक महाविद्यालयांत त्यासाठी 'प्लेसमेंट सेल' असतो. तेथे वर्ग सांभाळून एखादा प्राध्यापक हे जादा काम करतो, आणि नॅकच्या मूल्यांकनासाठी किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली याचे दाखले गोळा करण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते. नेमणूकपत्र फायलीत लागले की काम संपले. ती मुलगी सहा महिन्यांनी तेथे टिकली का, तिला शिकलेले काही उपयोगी पडले का, हे विचारणार कोण? ब्रिटनमध्ये पदवी मिळाल्यानंतर सुमारे पंधरा महिन्यांनी पदवीधरांना आपण काय करता, हे विचारणारे देशव्यापी सर्वेक्षण होते. आपल्या एखाद्या महाविद्यालयाने आपल्याच माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून एवढे विचारले तरी पुढच्या तुकडीला सांगण्याजोगे पुष्कळ हाती लागेल. त्याला ना अनुदान लागते, ना परवानगी.

उद्योजकांनाही आपण बोलावतो, पण कशासाठी? समई उजळण्यासाठी, बक्षिसे वाटण्यासाठी आणि (लपवून काय उपयोग!) देणगीसाठी. त्यांच्याकडे असलेली खरी दौलत आपण मागत नाही. पहिल्या दिवशी नवख्याला काय करावे लागते, कोणत्या चुका महाग पडतात, कोणते काम आता यंत्राकडे जाणार आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. पदवीधरांनाही ही वाट खुली आहे, आणि पदवीधरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. वसई पूर्वेच्या किती गाळेधारकांना हे माहीत आहे? आमच्या त्या गृहस्थांना माहीत नव्हते.

मात्र मालकाचा शब्द हा वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. ''पगार किती देणार?'' असे आम्ही विचारताच ते गृहस्थ घुटमळले. मग म्हणाले, ''सुरुवातीला बारा हजार.'' वेळ सकाळी नऊ ते रात्री आठ. 'चांगली माणसे मिळत नाहीत' या तक्रारीचा निम्मा उलगडा आम्हाला तेथेच झाला. मार्गदर्शकाने हेही विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे आणि मालकालाही ऐकवले पाहिजे. नाहीतर मार्गदर्शन म्हणजे स्वस्त मजूर पुरविण्याची दलाली होईल.

आणि मालक म्हणजे केवळ गाळेवाले नव्हेत. आपल्या शाळा, रुग्णालये, पतपेढ्या याही काम देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतील जागा भरण्यापूर्वी मिस्साबलिदानानंतरच्या सूचनांत जाहीर होतात की ओळखीतच भरल्या जातात? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक विश्वपत्रात प्रत्यक्ष मालकाप्रमाणेच अप्रत्यक्ष मालकाच्या, म्हणजे कामाची परिस्थिती घडविणाऱ्या व्यक्ती, संस्था आणि धोरणांच्या, जबाबदारीचाही विचार मांडला आहे. दोन्ही भूमिका आपल्याकडे आहेत.

पालघर जिल्ह्यात ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्यामुळे मच्छिमारांच्या पोटावर येणारे संकट हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. परंतु रोजगाराची जी आश्वासने दिली जात आहेत, ती नेमक्या कोणत्या कामांची, कोणत्या पात्रतेची, कायम की कंत्राटी, हे आज प्रथम वर्षात असलेल्या मुलांना आताच कळायला हवे. ते विचारायला जाण्यासाठी पुढच्या शिबिराची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्या धर्मग्रामाच्या युवकांनी यंदा अभ्यासक्रमांची यादी बाजूला ठेवून वालीव-सातिवलीचे आपल्या ओळखीचे गाळे वहीत उतरवायला घेतले आहेत: कोण काय बनवतो, किती माणसे, पगार काय, वेळ काय. त्या मातेलाही त्यांनी सोबत घेतले आहे, कारण विचारावे काय हे तिला नेमके कळते. गाळेवाल्या गृहस्थांना व्यासपीठावर बोलावले आहे. त्यांनी एकच अट घातली, की शिबिर शुक्रवारी ठेवा, त्या दिवशी आमचा गाळा बंद असतो. पगाराचा आकडा ते चारचौघांत सांगतील का, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.