चाळीस एकरांचे वचन

अमेरिकेचे परराष्ट्र खाते जगातील देशांच्या मानवाधिकारांचा ताळेबंद मांडत असते आणि आपल्याकडील विद्वान तो न्यायनिवाडा शिरोधार्य मानतात. या न्यायाधीशाचे स्वतःचे दप्तर कधी उघडायचे? ते शेंदूरजनाघाटच्या शेतकऱ्यानेच उघडावे. जमीन, कर्ज आणि हंगाम यांची भाषा त्याला कुणी शिकवावी लागत नाही.

वऱ्हाडाचा आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा संबंध जुना आहे. 1861 साली तेथे यादवी युद्ध पेटले, गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळला. (त्या तेजीतला पैसा मुंबईच्या शेअरबाजारात कसा उडाला, ती कथा निराळी.) गुलाम मुक्त झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला. तो गौरव यथार्थच होता. पण त्या मुक्तीचा उत्तरार्ध आपल्याला कोणी सांगितला नाही.

जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त गुलामांच्या कुटुंबांना प्रत्येकी 40 एकरांपर्यंत देण्याचा आदेश काढला. वर्ष सरण्यापूर्वीच राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांच्या पदरात परत घातली. कालचा गुलाम त्याच मालकाच्या वावरात बटईने राबू लागला.

तरीही पोटाला चिमटा घेऊन अनेकांनी जमिनी घेतल्या. 1920 साली तेथे शेती कसणारे कृष्णवर्णीय नऊ लाखांहून अधिक होते. 1997 च्या कृषिगणनेत वीस हजारही उरले नाहीत. बोंडे खाणारी कीड, यंत्रे, गोऱ्या जमावांची दहशत, उत्तरेकडील स्थलांतर ही कारणे आहेतच. पण शासनाचा वाटा कसा विसरावा? कृषिखात्याच्या कर्जाचा निर्णय स्थानिक समित्यांच्या हाती असे आणि त्यांवर गोऱ्या शेतकऱ्यांचे वर्चस्व. कृष्णवर्णीयाचा अर्ज फेटाळला तरी जाई किंवा हंगाम टळेपर्यंत पडून तरी राही. मृग उलटून गेल्यावर हाती आलेल्या पीककर्जाचे मोल काय, हे वऱ्हाडात सांगायला नको! दाद मागावी तर 1983 मध्ये रेगन यांच्या प्रशासनाने अशा तक्रारी तपासणारा विभागच मोडीत काढला होता.

अखेर 1997 मध्ये टिमोथी पिगफर्ड आणि इतर शेतकरी न्यायालयात गेले. 1999 साली न्यायालयाने तडजोड मान्य केली आणि पुढे शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. म्हणजे अन्याय झाला, हे काही आमचे प्रचारकी विधान नव्हे. त्यांच्याच तिजोरीने ते मान्य केले आहे.

2021 मध्ये अल्पसंख्य शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी सुमारे 400 कोटी डॉलरचा कायदा झाला. तेव्हा हा आमच्यावर वर्णभेद आहे, असे म्हणत गोरे शेतकरी न्यायालयात धावले. स्थगिती मिळाली आणि 2022 मध्ये ती तरतूदच रद्द झाली. तिच्या जागी भेदभाव सोसलेल्या कोणत्याही वर्णाच्या शेतकऱ्यांसाठी भरपाईची योजना आली आणि 2024 मध्ये तीतून सुमारे 200 कोटी डॉलर वाटले गेले. अर्ज करण्यापूर्वीच डोळे मिटलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना मात्र त्यात हक्क ठेवला नव्हता.