बर्फावरच्या कविता पुरे

आमच्या अंकासाठी परदेशातून कविता येतात. पूर्वी पोस्टानं यायच्या, आता फोनवर येतात. पाठवणारी पोरं आपलीच. कुणी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर गेलेलं, कुणी बापाच्या फंडावर आणि बँकेच्या कर्जावर. लंडन, बर्लिन, टोरँटो, न्यू जर्सी. मी त्या सगळ्या वाचतो. वाईट वाटतं पण सांगतो, बहुतेक कविता बर्फावर असतात. बर्फ पडतोय, खिडकी गोठलीय, मी एकटा आहे. बर्फावर नसली तर आईच्या भाकरीवर असते. चूल, धूर, भाकर, आई. मधलं काहीच नाही. म्हणजे पोरगं रोज जिथं उठतं, ज्या नळाखाली तोंड धुतं, ज्यांच्याबरोबर स्वयंपाकघर वाटून घेतं, ज्या दुकानात रात्रपाळीला खोकी उचलतं, ते सगळं जगणंच कवितेतून बेपत्ता.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "दादा, इथं लिहिण्यासारखं काय आहे? आपला विषय तिकडंच राहिला."

आणि इकडं आमच्या कट्ट्यावर काय चालतं? "तो? तो गेला विमानात बसून. संपला साला. आता त्याचा न् चळवळीचा काय संबंध?"

मला दोन्ही मंजूर नाही. खरं तर दोघं एकच बोलतात. दोघांना वाटतं आपला अनुभव म्हणजे खडीची खाण. खाणीवर असाल तोवर फोडा, खाण सोडली की हात रिकामे. अरे, जात काय खाणीत बसून राहते? ती तुझ्या पासपोर्टातल्या आडनावात बसून विमानात चढली आणि तुझ्या आधी खाली उतरली. तू बर्फाकडं बघत बसलास म्हणून तुला दिसली नाही.

परदेशावर मराठीत कमी लिहिलं गेलंय असंही नाही. प्रवासवर्णनांनी कपाटं भरलीत. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' 1960 सालचं. हसवतं. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू. पण तिथला माणूस पाहुणा म्हणून गेलाय. जग बघायचं, गंमत वाटायची, परत यायचं. त्याच सुमाराला, 1961 साली, अण्णा भाऊ साठे रशियात गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. वाटेगावच्या मांगवाड्यातून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला, चिरागनगरच्या झोपडीत राहणारा माणूस. प्रवासवर्णनाच्या धड्यात पहिल्याला किती पानं आणि दुसऱ्याला किती ओळी मिळतात, ते ज्यानं त्यानं मोजावं. मी मोजून बसलोय.

पण आज मला बोलायचंय जेम्स बाल्डविनवर. 1972 साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. नाव घेतलं, तिथलं वाङ्मय वाचलं किती, हा प्रश्न वेगळा.

बाल्डविन न्यू यॉर्कच्या हार्लेमचा. जन्म 1924 चा. नऊ भावंडांत थोरला, सावत्र बाप कडवा धर्मोपदेशक. 1948 च्या नोव्हेंबरात खिशात चाळीस डॉलर घेऊन तो पॅरिसला गेला. पळून गेला म्हणा हवं तर. इथं राहिलो तर कुणाला तरी मारीन नाहीतर स्वतः मरेन, अशी त्याची गत झालेली. मग पॅरिसमधे जाऊन त्यानं आयफेल टॉवरवर लिहिलं का? नाही. चादरीवर लिहिलं.

1949 चा डिसेंबर. ओळखीच्या एका अमेरिकन माणसानं आपलं आधीचं हॉटेल सोडताना तिथली चादर उचलून आणलेली. बाल्डविनच्या हॉटेलात चादर मळकी, बदलायचं कुणी नाव घेईना, म्हणून त्यानं ही अंथरायला घेतली. पोलीस आले. चादर सापडली. हातकड्या, कोठडी, मग फ्रेनचा तुरुंग. आठ दिवस. ख्रिसमस आतच गेला. गंमत बघा, फ्रेंच पोलिसांच्या लेखी तो काळा नव्हताच, नुसता अमेरिकन होता. घरी गोऱ्या शिपायाची नजर कशी वाचायची ते त्याला पोटातून ठाऊक होतं. इथं ती विद्या कुचकामी. शेवटी खटला उडाला. पण चादरीची हकिगत वाचून दाखवली तेव्हा कोर्टात हशा पिकला, आणि तो हशा मात्र त्यानं ओळखला. ज्यांच्या अंगावर कधी काही येत नाही अशा लोकांचा हशा. तोच त्यानं घरी जन्मभर ऐकला होता. 'इक्वल इन पॅरिस' हा त्याचा लेख 1955 चा. एका मळक्या चादरीतून निघालेला. आपल्यातल्या कुणाला पोलीस चौकीतला, तहसील कचेरीतला, तोंडी परीक्षेतला हशा समजावून सांगायची गरज आहे का?

पुढं तो स्वित्झर्लंडमधल्या लॉयकरबाड नावाच्या डोंगरातल्या गावी जाऊन राहिला. मित्राच्या घरच्यांचं तिथं घर होतं, फुकट राहता येत होतं, एवढंच कारण. वस्ती सहाशेच्या आसपास. गरम पाण्याचे झरे, त्यात आंघोळ करायला दुखणेकरी यायचे. सिनेमा नाही, बँक नाही, ग्रंथालय नाही. गावात टाइपरायटर एकच, तो याचा. गावानं काळा माणूस पाहिलेला नव्हता. पोरं मागून 'नेगर, नेगर' ओरडत. कुणी केसांना हात लावून बघे, कुणी हाताचा रंग निघतो का ते. पोरांच्या मनात वाईट नव्हतं, हे तो स्वतःच लिहितो. आणि तरी.

त्या गावात सणाला दोन पोरांची तोंडं काळी रंगवायचे, डोक्यावर घोड्याच्या केसांचे टोप घालायचे, आणि ती पोरं आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांसाठी घरोघर पैसे मागायची. खानावळवाल्याची बायको बाल्डविनला हौसेनं सांगते की गेल्या वर्षी आमच्या गावानं सहा-आठ आफ्रिकन 'विकत घेतले', त्यांचे आत्मे तारले. हा समोर उभा. हसून आश्चर्य दाखवतोय, आणि डोक्यात बाप, ज्यानं गोऱ्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही. बर्फ त्या गावातही ढीगभर होता. पण 1953 साली 'स्ट्रेंजर इन द व्हिलेज' छापून आलं ते पोरांच्या हाकांवर, त्या पेटीतल्या नाण्यांवर उभं आहे. गल्लीत रोज कानावर पडणाऱ्या एका शब्दावरून तो पार युरोपच्या इतिहासाच्या मुळापर्यंत गेला.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. त्याची पहिली कादंबरी, 'गो टेल इट ऑन द माउंटन', हार्लेमची. देवळातली गाणी, बाप, बायाबापड्या, सगळं तिकडचं. ती लिहायला त्याला दहा-एक वर्षं लागली आणि ती पुरी झाली त्या स्विस गावात. कशी झाली? तो टाइपरायटरसोबत बेसी स्मिथच्या तबकड्या घेऊन गेला होता. बेसी स्मिथ म्हणजे ब्लूज गाणारी काळी बाई, आपल्याकडच्या जलशाच्या फडात शोभली असती. अमेरिकेत असताना यानं तिचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. लाजेनं. तशी कलिंगडालाही तो हात लावत नसे, कारण कलिंगड खाणारा काळा ही गोऱ्यांनी केलेली टिंगल. आपली लहानपणची बोली त्यानं दाबून टाकलेली. ती त्याला त्या पांढऱ्याशुभ्र डोंगरात, रोज तीच तबकडी लावून, परत सापडली.

हे वाचलं तेव्हा मला हॉस्टेलवरची पोरं आठवली. खोलीत वामनदादा कर्डकांचं गाणं लावायचं तर आवाज कमी करणारी, कुणी दारात आलं की बंदच करणारी. त्यातलाच एक आज ड्रेस्डेनला आहे. ट्राममधे रोज कानात वामनदादा. सांगतो, इथं कुणालाच कळत नाही, म्हणून मोठ्यानं लावतो. मी म्हटलं, हे लिही. म्हणाला, यात काय लिहायचं?

काय लिहायचं! साल्या, यातच तर आहे सगळं.

मी परदेशाची आरती ओवाळत नाही. लांब गेलं की दृष्टी येते, हे पांढरपेशा थोतांड. लांब जाऊन आंधळे झालेले ढिगानं दाखवतो. आणि बाल्डविन डोंगरातच बसून राहिला असंही नाही. 1957 ला तो अमेरिकेत परतला, दक्षिणेत गेला, जिथं काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेत शिरायला जीव मुठीत धरावा लागत होता. मग परत इस्तंबूल, 1961 ला तिथं 'अनदर कंट्री' पुरी केली. 1963 ला 'द फायर नेक्स्ट टाइम'. मेला तो 1987 ला, फ्रान्सच्या एका गावात. आता आमच्या कट्ट्यानं ठरवावं, हा चळवळीतला की पळालेला?

आणि बाबासाहेब? ते तर आपल्याच घरातलं उदाहरण. अमेरिका आणि लंडन करून ते 1917 ला बडोद्याला नोकरीवर आले. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत'मधे त्यांनी साफ लिहिलंय की पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत हे डोक्यातून पुसूनच गेलं होतं. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर प्रश्न उभा, जायचं कुठं? पारशी सराईत खोट्या पारशी नावानं राहिले. मोडक्या बाकांची अडगळ, वटवाघळं, रखवालदार आणून द्यायचा तो एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी दारात. ग्रंथांचे डोंगर वाचलेला माणूस हे सांगतो तेव्हा सिद्धांत मांडत नाही. कंदील किती मोठा होता ते सांगतो. ज्याच्या अंगावर पाच वर्षं विटाळाची नजर नव्हती, त्याला तो अंधार नव्यानं टोचला, असं मला वाटतं. कुणाला पटेल, कुणाला नाही.

परदेशात जात नाही असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायचे दिवस आता गेले. 2023 च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराच्या कौन्सिलनं भेदभावबंदीच्या कायद्यात जात हा शब्द घातला. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. तो शब्द तिथं आभाळातून पडला नाही. माणसं उठून उभी राहिली आणि बोलली. साक्ष म्हणजे तरी काय? कुठल्या टेबलावर, कोण, काय बोललं.

मग कवितेला टेबल का चालत नाही? 'फक्त शाकाहारी रूममेट हवा' ही जाहिरात का चालत नाही? "पूर्ण नाव काय तुझं?" हा प्रश्न विमानतळापासून खोलीपर्यंत गाडीत तीनदा विचारला जातो, तो का नाही चालत? कपडे धुवायला नाणी टाकायचं मशीन, त्यासमोर एक तुर्की म्हातारी, तिला तुझं आडनाव कळत नाही आणि तिचं तुला. दोघं अर्धा तास शेजारी बसता. या अर्ध्या तासाला मराठीत नाव नाही. ते तूच द्यायचंस.

भाषेचीही भीती नको. ट्राम, शिफ्ट, डिपॉझिट, जे शब्द रोज तोंडात आहेत ते तसेच येऊ देत. शुद्ध मराठीचं दुकान आमच्याकडं नाही.

या अंकात बर्फाच्या कविता घेतलेल्या नाहीत. रागावणारे रागावतील. पान 14 वर एका पोरीचा मजकूर आहे. तिनं पाठवताना लिहिलं होतं, कविता नाही, नुसती नोंद आहे, आवडली नाही तर फेकून द्या. चौघींत एक फ्रिज. वरचा कप्पा तिघींचा, खालचा हिचा. अंडी आणि सुकट डब्यात, डबा पिशवीत, पिशवीला गाठ, आणि तरी रोज सकाळी कुणीतरी खालचा कप्पा डेटॉलनं पुसलेला. एवढंच. आम्ही एक शब्दही बदललेला नाही. नाव छापू नका असं तिनं बजावलंय, कारण त्याच घरात अजून चार महिने काढायचेत.