भरतीचा बूट : नाव बघावं की पाय?

वाचकहो, पहाटे फाट्यापर्यंत गेलात तर डांबरीवर पोरं-पोरी पळताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. एखाद्या गुणावर यादीतून नाव गळतं, म्हणून पोरगं हट्ट धरतं, बूट अमक्याच कंपनीचा पाहिजे. बाप सोयाबीनच्या पट्टीतले पैसे काढून देतो.

बियाण्याची पिशवी आठवा. नाव तेच, पण लॉट बदलला की उगवण बदलते. बुटाचंही तसंच. कंपनी मॉडेल बदलते आणि गेल्या साली बसलेला बूट यंदा चावतो.

इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, १९६४ साली टोकियोची बूट घालून. म्हणून बुटात काहीच नाही असं नव्हे. जाड फोम आणि कार्बनपट्टीच्या बुटांनी लांब पल्ल्याचा वेळ खरोखर घटला. २०२० साली जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. पण ते महागडं प्रकरण रोजच्या सरावाला कशाला?

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मोजे पळतानाचेच घाला. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहावी, टाच निसटू नये. दुकानासमोर पळून बघा; दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. आणि भरतीच्या दिवशी कोरा बूट नको.

सरपंच मंडळी, गावच्या मैदानातले दगड वेचून मुरूम टाकून रोलर फिरवलात, तर ही पोरं अंधारात ट्रकच्या वाटेवर पळणार नाहीत.