फिरत्या घराची मोरी आणि शहराचे कर्तव्य

जुन्या मोटारी जपण्याची हौस बंगळूरला नवी नाही. जे. सी. रोडवरील सुट्या भागांची दुकाने, शिवाजीनगरचा गुजरी बाजार आणि प्रवासी गाड्यांचे सांगाडे वर्षानुवर्षे बांधीत आलेले येथील कारखाने, या तिन्हींच्या आधाराने या शहरात अशी एक कारागिरी उभी राहिली आहे, की इतरत्र भंगारात गेली असती ती गाडी येथे पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. अलीकडे या हौसेने एक नवे क्षेत्र शोधले आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९६९ साली आणलेल्या मॅटॅडोरच्या वंशातील एखादी जुनी गाडी, सेवेतून उतरलेली एखादी लहान बस, क्वचित परदेशाहून आलेली व येथेच राहून गेलेली एखादी मूळची प्रवासगाडी मिळवावी आणि तिचे फिरते घर नव्याने सजवावे, असे अनेकांना वाटू लागले आहे. ही हौस निरोगी आहे, आणि ती वाढावी असेच मला वाटते. परंतु अशा गाडीच्या जीर्णोद्धारात सर्वांत आधी जी मोडावी लागते, ती न्हाणी-संडासाची चिमुकली खोली, आणि सर्वांत शेवटी जिचा विचार होतो तीही तीच. या क्रमात मोठा अनर्थ दडलेला आहे.

गाडीतील न्हाणीघर का कुजते, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. घरातील मोरी स्थिर जमिनीवर असते. गाडीतील मोरी खड्ड्याखड्ड्याला हादरते, वळणावळणाला पिळली जाते, दिवसा उन्हाने तापते आणि रात्री निवते. या अखंड हालचालीने कोपऱ्यांतील सांधे केसभर उघडतात. त्या फटींतून, तसेच कमोड जमिनीशी जखडणाऱ्या स्क्रूंच्या भोकांतून, पाणी थेंबाथेंबाने खाली उतरते. आणि वरचे आच्छादन अखंड व स्वच्छ दिसत असतानाच त्याखालील प्लायवूडचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यात मारलेला पोलादी स्क्रू यांची ओलाव्यात गाठ पडली, की दोन धातूंमधील रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते, आणि लोखंडी सांगाडा, ज्याच्यावर सर्व भार आहे, तो बाहेरच्या रंगाला धक्का न लावता आतल्या बाजूने गंजत जातो. म्हैसूर रस्त्यालगतच्या एका कारखान्यात एका स्नेह्यांची जुनी मॅटॅडोर उघडताना मी उभा होतो. न्हाणीची फायबरची बैठक उचलताच खालचे लाकूड मिस्त्रींनी दोन बोटांनी ओढून काढले, आणि नव्या फरशीचे नमुने घेऊन आलेल्या मालकांना ते शांतपणे म्हणाले, की फरशी मागाहून पाहू, आधी चासी पाहू द्या. त्या एका वाक्यात या कामाचे सारे शास्त्र आले आहे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

कारण घरमालकाची दृष्टी स्वभावतः वरून खाली जाते. त्याला आधी नळ, मग आरसा, मग भिंतीचा रंग दिसतो. वस्तुतः हे काम खालून वर जाणारे आहे. गंजलेले आडवे गज कापून नवे जोडावेत, त्यांवर गंजरोधक लेप द्यावा, मगच मरीन प्लायची जमीन घालावी, तिच्या कडा राळेने बंद कराव्यात आणि तिच्यावर सांधा नसलेली, एकसंध ओतलेली फायबरची बैठक बसवावी. चिनी मातीच्या फरशीचा मोह अनेकांना पडतो. परंतु ८ मिलिमीटर जाडीची फरशी चौरस मीटरला सुमारे १६ ते १८ किलो भरते, म्हणजे मीटरभर लांबी-रुंदीच्या खोलीच्या भिंती तिने मढविल्या तर सव्वाशे किलोंच्या आसपास भार गाडीच्या एकाच बाजूला पडतो, आणि इतके करूनही पहिल्या घाटातच तिच्या सांध्यांना तडे जाण्याचा संभव असतो. पाण्याचेही वजन आहे: १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. ती मागच्या टोकाला लटकविण्याऐवजी दोन आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली आणि मध्यरेषेजवळ ठेवावी, हे कोणताही जाणता कारागीर सांगेल.

दोन गोष्टी मात्र जाणते कारागीरही विसरतात. गाडी उभी राहते ती नेहमी समतल जमिनीवर नव्हे. तेव्हा मोरीला एकच निचरा ठेवला तर नंदी टेकडीच्या पायथ्याशी तिरप्या उभ्या केलेल्या गाडीत पाणी नेमके दुसऱ्या कोपऱ्यात साचते. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन निचरे हवेत. दुसरी गोष्ट दुर्गंधीची. घरातील मोरीत नळीच्या वळणात राहिलेले पाणी वास अडविते. धावत्या गाडीत ते पाणी हिंदकळून निघून जाते आणि टाकीतला वास सरळ आत येतो. तेथे पाण्याच्या आधाराविना मिटणारी रबरी झडप बसवावी लागते, आणि टाकीची वायुनळी छताच्या वर न्यावी लागते. कर्नाटकाच्या राज्य परिवहन महामंडळाने (केएसआरटीसीने) आपल्या काही ऐरावत नावाच्या बसगाड्यांत एकेकाळी शौचालयाचा प्रयोग करून पाहिला होता आणि तो रूढ झाला नाही. धावत्या वाहनात अशी सोय निर्माण करणे एक वेळ सोपे असते, ती दिवसानुदिवस स्वच्छ राखणे हीच त्यातील खरी कसोटी आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

परंतु ही सर्व कारागिरी पूर्णत्वास गेली तरी मुख्य प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो गाडीच्या आत सुटणारा नाही. टाकी भरली म्हणजे ती रिकामी कोठे करावयाची?

न्हाणीचे सांडपाणी आणि संडासाचा मैला यांच्या टाक्या वेगळ्या असाव्यात, ही पहिली पायरी. पुढे मार्ग दोन आहेत. एक, बाहेर ओढून काढता येणाऱ्या पेटीचा रासायनिक संडास, जो आज सर्रास बसविला जातो. त्यात घातली जाणारी कित्येक द्रव्ये फॉर्माल्डिहाइडसारखी जंतुनाशक असतात. वास मारताना ती त्या जीवाणूंनाही मारतात, ज्यांच्यावर मैल्याचे पुढील विघटन अवलंबून असते, आणि म्हणून अशी पेटी एखाद्या खेडेगावच्या लहान सेप्टिक टाकीत ओतणे म्हणजे त्या टाकीचे काम बंद पाडणे होय. दुसरा मार्ग कोरड्या संडासाचा: मूत्र व मल वेगळे ठेवावेत आणि मलावर कोरडे सेंद्रिय आच्छादन टाकावे. त्यासाठी लागणारा काथ्याचा भुसा तिपटूर-अरसिकेरेच्या नारळपट्ट्यात मुबलक मिळतो, आणि मानवी मूत्राचा खत म्हणून उपयोग करण्याचे प्रयोग बंगळूरच्या कृषी विद्यापीठात झालेले आहेत. मराठी वाचकाला तर यात काही परके वाटू नये. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच विषयाला आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे दिली, स्वतः मैला उचलला, आणि मैल्याचे निर्धोक खत करणारा, कोणाही माणसाला मैला हाताळावयास न लावणारा सोपा संडास घडविला. माझ्या मते लहान फिरत्या घरास आपल्या हवेत हा दुसरा मार्गच अधिक योग्य आहे. तरीही पूर्ण न कुजलेला मल कोणाच्या शेतात वा रानात टाकण्याची मुभा त्याने मिळत नाही. त्यालाही एक ठरलेले ठिकाण हवेच.

असे ठिकाण नसले म्हणजे काय होते, हे बंगळूरकरांना कोणी सांगावयास नको. टाकीचा झाकणवजा नळ रात्री एखाद्या राजकालुवेवर उघडला जातो. हे मोठे नाले मूळचे पावसाचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेण्यासाठी होते. आज ते शहराचा मैला वाहतात, आणि त्याचा परिणाम बेलंदूरच्या तळ्यावर वाऱ्याने रस्त्यावर उडणाऱ्या फेसाच्या आणि पाण्यावर पेटणाऱ्या आगीच्या रूपाने सर्व देशाने पाहिला आहे. जे शहर आपले पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरील कावेरीतून अनेक टप्प्यांनी वर चढवून आणते आणि ज्याने २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने मोटारी धुतल्यास ५,००० रुपये दंडाचा हुकूम काढला, त्या शहराला आपल्या तळ्यांत आणखी एक घाण सोडणे परवडणारे नाही. गाड्या थोड्या आहेत, हे उत्तर पुरेसे नाही. नियम घालून द्यावयाचा असतो तो गाड्या थोड्या असतानाच.

आणि यात एक माणूस आहे. टाकीचा नळ अडला, पेटी फुटली, तर ती साफ करावयास जो बोलावला जातो तो कोण असतो, हे आपण सर्वजण जाणतो. सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन हे बंगळूरपासून फार दूर नसलेल्या कोलार सुवर्णक्षेत्रातील. तेथील खाण-वसाहतीच्या कोरड्या संडासांतील मैला उचलणाऱ्या समाजातच ते जन्मले, आणि तेथूनच त्यांच्या लढ्याला प्रारंभ झाला. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करावयास लावणे हा गुन्हा ठरविला, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत रेल्वेमार्गाचाही स्पष्ट उल्लेख आहे. वाहनातून पडलेला मैलाही शेवटी कोणा माणसाच्याच हाती जातो, ही गोष्ट संसदेच्या ध्यानात आली होती. ज्याला हजारो रुपये खर्चून गाडीत संगमरवरी रंगाचे बेसिन बसविता येते, त्याने ती टाकी कोणाच्याही हाताचा स्पर्श न होता, नुसत्या नळीने रिकामी होईल अशी रचना करून घेणे, हे त्याचे साधे कर्तव्य आहे.

रेल्वेचे उदाहरण येथे मुद्दाम घ्यावेसे वाटते. डब्यांतील मैला थेट मार्गावर सोडण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या निर्वेधपणे चालली, डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात या मैल्याने रूळ आणि त्यांची बंधने गंजतात हे दाखवून ही पद्धत सर्व डब्यांतून बंद करण्याची शिफारस केली, आणि संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या जीवाणूंवर चालणारे जैव-शौचालय पुढे डब्याडब्याला बसविण्यात आले. एवढे अवाढव्य खाते ही गोष्ट करू शकते, तर काहीशे गाड्यांसाठी तशी तजवीज करणे कर्नाटकाच्या पर्यटन खात्याला अवघड नाही.

वाहनातील शौचालयाकडे मी चैनीची वस्तू म्हणून पाहत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात २०१६ च्या सुमारास उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी पीएमपीएमएलच्या जुन्या बसगाड्यांतील आसने काढून तेथे स्त्रियांसाठी ‘ती’ नावाची शौचालये उभारली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्थानकावर केएसआरटीसीने एका जुन्या बसचे ‘स्त्री शौचालय’ केले. विमानतळ कंपनीने दिलेल्या सुमारे १२ लाख रुपयांत तीत अर्भकाला पाजण्याची जागा, सॅनिटरी नॅपकिनचे यंत्र आणि त्यांचे दहनयंत्र, एवढ्या सोयी झाल्या. पुणे-बंगळूर महामार्गावरून रात्रभर प्रवास करणाऱ्या स्त्रीला विचारावे, म्हणजे गाडीतील न्हाणीघराचे मोल काय ते कळेल. ज्या कुटुंबातील आजी वा मुलगी या एका अडचणीपायी प्रवास टाळीत आली, तिला जुन्या गाडीतील ही चार फुटांची खोली हंपी-बदामीपर्यंत घेऊन जाते. तिला विरोध करण्याचे माझ्या मनात नाही. ती नीट असावी, एवढाच आग्रह आहे.

म्हणून सरकारकडे मागणे अगदी मर्यादित आहे. कर्नाटकाने २०२० च्या पर्यटन धोरणात आणि महाराष्ट्राने २०२१ च्या स्वतंत्र धोरणात कॅराव्हॅन-पर्यटनाला उत्तेजन दिले आहे. नव्या फिरत्या घरांच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम अधिक काटेकोरपणे वाचले आहे. तेव्हा जुन्या गाडीचे न्हाणीघर बदलणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी आरटीओच्या दप्तरी चौकशी करावी. परंतु त्या कचेरीनेही तपासणीच्या वेळी गाडीची लांबी-रुंदी व वजन पाहून न थांबता मैल्याच्या टाकीची क्षमता, तिची जागा आणि तिच्या निचऱ्याच्या तोंडाचा आकार यांची नोंद दाखल्यात करावी.

आणि टाकी रिकामी करण्याचे ठिकाण तर जवळजवळ तयार आहे. विमानतळाच्या पलीकडे देवनहळ्ळी येथे सीडीडी सोसायटी या संस्थेच्या साहाय्याने २०१५ साली उभारलेला मैलागाळ-प्रक्रिया प्रकल्प आहे. भुयारी गटार नसलेल्या त्या गावातील शौचखड्ड्यांचा गाळ शोषक-टँकरने आणून त्यावर तेथे प्रक्रिया होते, आणि त्यातून झालेले खत शेतकरी नेतात. त्याची क्षमता दिवसाला ६,००० लिटर, म्हणजे १०० लिटरच्या साठ टाक्यांइतकी. रासायनिक द्रव्ये न घातलेल्या फिरत्या घरांसाठी तेथे एक सिमेंटचा उतार, एक झाकण असलेले तोंड, धुण्यासाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याचा नळ आणि माफक शुल्काची पावती, एवढी सोय प्रथम करावी. मग तोच नमुना म्हैसूर, तुमकूर आणि होसूर या तीन रस्त्यांवरील मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या आवारात न्यावा, आणि पर्यटन खात्याने फिरत्या घरांच्या मुक्कामाला परवाना देताना सर्वांत जवळचे असे केंद्र किती किलोमीटरवर आहे, हे अर्जातच लिहून घ्यावे.