लेकुरवाळ्यांची रांग कोणती?

विमानात लहान मुलांना मज्जाव असलेली स्वतंत्र उड्डाणे असावीत, निदान काही रांगा तरी त्यांच्यापासून मोकळ्या राखाव्यात, ही मागणी आता केवळ परदेशी प्रवाशांची राहिलेली नाही. २०१६ साली इंडिगो कंपनीने आपल्या विमानांतील पहिल्या चार आणि अकरा ते चौदा या रांगा 'शांत विभाग' ठरवून बारा वर्षांखालील मुलांना तेथे आसन न देण्याचे धोरण पत्करले. एअर एशिया एक्स व स्कूट या कंपन्यांनी २०१३ सालीच तसे केले होते. २०२३ च्या नोव्हेंबरात कोरेन्डन कंपनीने ॲम्स्टरडॅम–कुरासाव मार्गावर सोळा वर्षांवरील प्रवाशांसाठी ९३ आसनांचा निराळा विभाग पडदे-भिंती लावून उघडला आणि त्याचे जादा ४५ युरो आकारले.

काटोलात बसून विमानाची चर्चा करणे म्हणजे संत्र्याच्या बागेत मासळीबाजाराची उठाठेव, असे कोणी म्हणेल. परंतु येथील संत्रा-बागाईतदारांच्या लेकीसुना आज पुण्यास आणि बंगळूरला नांदत आहेत. पहिलटकरीण माहेरी येते आणि चार महिन्यांचे तान्हे घेऊन परत जाते. नागपूर–पुणे आगगाडीची अख्खी रात्र टाळण्यासाठी बाप पदरमोड करून तिचे विमानाचे तिकीट काढतो. हा ऐषआराम नव्हे. गेल्या दिवाळीनंतर अशाच एका प्रवासात प्रस्तुत लेखकाच्या शेजारी एक मुलगी तान्हे घेऊन बसली होती. विमान उतरू लागताच मूल किंचाळू लागले. पुढील रांगेतील एका गृहस्थांनी तीनदा मान वळवून पाहिले आणि चौथ्या वेळी, "अशांना चढू तरी का देतात?" असे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. त्या मुलीने कोणाचीही नजर न भिडविता आधी लेखकाची, मग त्यांची क्षमा मागितली. ती क्षमा अजून कानांत आहे. मुलाचे रडणे मात्र विसरले गेले.

ते मूल का रडत होते, हे त्या गृहस्थांस ठाऊक नसावे. उंचावर विमानाच्या आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका उतरतो, आणि विमान खाली येताना तो पुन्हा वाढतो. कान व घसा यांना जोडणारी नळी तान्ह्या मुलांत अरुंद आणि आडवी असते. म्हणून दाब चटकन समान होत नाही आणि कान ठणकतो. त्या वेळी मुलास पाजणे हा साधा उपाय आहे. तो आईला आधी सांगण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.

अर्थशास्त्रात अशा उपद्रवास बाह्य परिणाम म्हणतात. पिगू यांनी १९२० साली मांडलेल्या विचारानुसार उपद्रव देणाऱ्यावर कर बसवावा. परंतु १९६० साली रोनाल्ड कोझ यांनी निराळाच प्रश्न उपस्थित केला: उपद्रव हा नेहमी दोन्ही बाजूंचा असतो, एकाला वाचविले की दुसऱ्याला इजा होते. तेव्हा कोणाची इजा कमी खर्चात टळते, ते पाहावे. प्रौढ माणूस कानांत बोळे घालू शकतो. चार महिन्यांचे मूल रडणे आवरू शकत नाही. तक्रार करणाऱ्यांची बाजू खोटी आहे असे मात्र नाही. उपचारांसाठी मुंबईस निघालेला रुग्ण किंवा घरी मृत्यू झाल्याने धावत निघालेला मुलगा यांना शांततेची गरज असतेच.

पण ती शांतता मिळते काय? अकराव्या रांगेस भिंत नसते. दहाव्या रांगेतील रडणे तेथे स्वच्छ ऐकू येते. संकटकाळी बाहेर पडण्याच्या दारांलगतच्या रांगांत तर सुरक्षेच्या नियमाने मुलांना बसविता येतच नाही. म्हणजे नियमाने जे होतेच, त्यासही कंपनीने सोयीचे नाव दिले. फ्रेंच अभियंता द्युपुई यांनी १८४९ सालीच दाखविले होते, की तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे ठेवण्यामागे छताचा खर्च हे कारण नव्हते. दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्याने खाली उतरू नये, ही धास्ती होती. लेकुरवाळ्यांना मागे ढकलून पुढील आसनांचे मोल वाढविण्यात हाच हिशेब दिसतो.

स्वतंत्र उड्डाणांचा हिशेब तर त्याहून कच्चा. सुमारे १८० आसनांच्या विमानास इंधन, वैमानिक आणि उतरण्याचे शुल्क, आसने भरोत वा न भरोत, जवळपास तेवढेच लागते. दार बंद झाल्यावर रिकाम्या राहिलेल्या आसनाची किंमत गळून पडलेल्या आंबिया संत्र्याइतकीच. मुंबईसारख्या शहरातून हा प्रयोग कदाचित निभेल. नागपुराहून एखाद्या गावी दिवसाकाठी दोन-तीन उड्डाणे असतील, तर सोयीचे उड्डाण मुलांविना आणि मध्यरात्रीचे लेकुरवाळ्यांना, अशी वाटणी होणार हे उघड आहे.

मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून पाहण्याची वृत्ती सरकारी खात्यांतही आहे. २०१६ च्या एप्रिलपासून रेल्वेने पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र शायिका हवी असल्यास पूर्ण भाडे लावले. विमानात तर मुलाला आईजवळची जागा द्यावी, हे २०२४ च्या एप्रिलमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास आदेश काढून सांगावे लागले. दरम्यान मोबाईलवर मोठ्या आवाजात चित्रफिती पाहणाऱ्या प्रौढांसाठी वेगळी रांग कोणी सुचविलेली नाही!

जपान एअरलाइन्सने २०१९ साली केलेली सोय अधिक शहाणपणाची वाटते. दोन वर्षांखालील मूल जेथे बसणार, त्या आसनावर नकाशात बाळाचे चिन्ह दिसते. ज्याला दूर बसावयाचे त्याने दूरची जागा निवडावी. कोणास मज्जाव नाही, कोणाचा अपमान नाही. आपल्याकडे यासाठी नवी भिंत लागणार नाही. तिकीट देताना मुलाचे वय कंपन्या आजही विचारीत असतातच.